सरफिरा: थांब्यासाठी भांडणारा विमानपट

मुंबईहून नाशिककडे निघालेली मेल कसाऱ्याला थांबते, पण कसाऱ्यासाठी थांबत नाही. ती घाटासाठी थांबते. इथून इगतपुरीपर्यंत थळ घाटाचा चढ आहे, ३७ फुटांमागे १ फूट. पुढच्या इंजिनाला एकट्याने तो ओढवत नाही, म्हणून गाडीच्या शेपटाला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात. ते मागून रेटत गाडी वर नेतात आणि इगतपुरीला मोकळे होतात. बँकर लागेपर्यंत गाडी उभी. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या वेळापत्रकात कसारा हे नावच नसतं. रेल्वेच्या लेखी तो तांत्रिक थांबा. गाडी डोळ्यांसमोर उभी असते, दार उघडं असतं, आणि आपण तिचे प्रवासी नसतो. इथल्या माणसाला कल्याण गाठायचं तर लोकल, आणि नाशिकला जायचं तर स्टेशनाबाहेर शेअर टॅक्सीत अंग चोरून बसणं.

या गावाच्या बाजूने पाहिलं की ‘सरफिरा’ हा चित्रपट वेगळाच दिसू लागतो. स्वस्त विमान कंपनी काढणाऱ्या वेड्या माणसाची गोष्ट म्हणून तो विकला गेला, समीक्षकांनीही तसाच पाहिला. माझ्या मते त्यातलं सगळ्यात अस्सल द्रव्य विमानात नाहीच. ते थांब्यात आहे. वाहन कुणासाठी थांबतं आणि कुणाच्या समोरून निघून जातं, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे. दिग्दर्शिकेला तो कळला आहे आणि जाहिरात करणाऱ्यांना कळलेला नाही.

आधी थोडी माहिती. १२ जुलै २०२४ला आलेला ‘सरफिरा’ सुधा कोंगरा यांचा. त्यांनीच २०२०मध्ये केलेल्या ‘सूरराई पोट्रु’ या तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. तमिळ चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच राष्ट्रीय पुरस्कार नेले. हिंदीला प्रेक्षकही धड मिळाले नाहीत. दोन्हींच्या मुळाशी आहे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांची एअर डेक्कन. या कंपनीचं आयुष्य मोजायला फार वेळ लागत नाही. ऑगस्ट २००३मध्ये ४८ आसनांच्या एटीआर विमानाने सुरुवात, थोड्याच वर्षांत साठाहून अधिक शहरं, २००७मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाचा २६ टक्के हिस्सा, आणि २००८ संपायच्या आत नाव पुसलेलं. पाच वर्षं. आपल्याकडे विमान कंपन्या तशाही अल्पायुषी: मुंबईच्या ईस्ट-वेस्ट आणि दमानिया या कंपन्या नव्वदच्या दशकात आल्या आणि त्याच दशकात गेल्या. पण दमानियावर कुणी चित्रपट काढला नाही. डेक्कनवर दोन निघाले, कारण तिच्यामागे एक मास्तर आणि त्याचा मुलगा होता.

हिंदीत ही गोष्ट साताऱ्याजवळच्या जरंडेश्वर गावात आणली आहे. नायकाचं नाव वीर म्हात्रे. साताऱ्यात म्हात्रे कुठून आले, हा प्रश्न मला नाव ऐकल्याबरोबर पडला. म्हात्रे आमच्याकडचे! कल्याण-भिवंडीपासून उरण-अलिबागपर्यंत कुठल्याही आगरी गावात ‘अहो म्हात्रे’ अशी हाक मारा, चार जण वळून बघतील. पटकथेला मराठी आडनाव हवं होतं, हाताला लागलं ते लावलं, इतकाच याचा अर्थ. अशा ठिकाणी हिंदी चित्रपटाचं मराठीपण उसनं वाटतं. मूळ तमिळमध्ये मदुराईजवळचं शोळवंदान गाव ज्या तपशिलाने उभं राहतं, तसं जरंडेश्वर राहत नाही. ही कसर मान्य करूनच पुढे जाऊ.

वीरचे वडील शाळामास्तर, गांधींच्या वळणाचे. गावाला गाडी थांबत नाही, आणि ती थांबावी म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज लिहितात. मुलाला अर्जांचा वीट आला आहे. तो गावकऱ्यांना घेऊन रुळांवर उतरतो, आणि बापलेकांचं कायमचं बिनसतं. चित्रपटाच्या एकूण लांबीत हा भाग लहान आहे. पण पुढच्या सगळ्या प्रसंगांना वजन येतं ते यामुळे. अर्ज आणि आडवं पडणं, या दोन रीतींमधला वाद इथे मांडला गेला आहे, आणि चित्रपट दोघांपैकी कुणाच्याही बाजूने निकाल देत नाही. बाप भित्रा दाखवलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटलं. हिंदी चित्रपटात अर्ज लिहिणारा मास्तर सहसा कीव करण्यापुरता असतो. इथे त्याच्या चिकाटीला स्वतःची ऐट आहे.

कसाऱ्याच्या शहापूर तालुक्यात थांब्याचा अर्ज म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१मध्ये पोहोचली, १८६५मध्ये घाट चढून इगतपुरीला गेली. पण आटगाव आणि खर्डी यांच्यामधलं तानशेत, खर्डी आणि कसारा यांच्यामधलं उंबरमाळी, यांना स्टेशन म्हणून मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे. शेजारच्या मुरबाडला तर रूळच नाहीत. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि प्रत्येक निवडणुकीत तिला नवी पालवी फुटते. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, तेही याच जातीचं. जे जातं ते इथूनच जातं. म्हणून मास्तरांच्या अर्जांचा प्रसंग इथल्या प्रेक्षकाला पूर्वपीठिका वाटत नाही, तोच सिनेमा वाटतो.

आता विमानतळाचा प्रसंग पाहू. वीर हवाई दलात आहे. वडील अखेरच्या घटका मोजत असल्याचा निरोप येतो. विमानाने गेलं तरच भेट होईल, आणि खिशात तिकिटापुरते पैसे नाहीत. तो विमानतळावरच्या प्रवाशांपुढे हात पसरतो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. पैसे जमत नाहीत. तो घरी पोहोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं आणि आईला तोंड द्यायचं असतं.

या प्रसंगावर प्रेक्षक रडतात, रडावं असाच तो केला आहे. पण रडण्याच्या पलीकडे त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ज्या मुलाने वडिलांच्या अर्जांची हेटाळणी केली, तोच इथे तोंडी अर्ज करत फिरतो. प्रत्येक प्रवाशापुढे तेच शब्द, तीच विनवणी, तोच नकार. वडिलांनी कागदावर जन्मभर जे सोसलं ते मुलाच्या वाट्याला काही मिनिटांत येतं. आणि इथे आडवं पडायची सोय नाही. गाडी रुळांवर अडवता येते, विमान कुठे अडवणार? कोंगरा हे कुणाच्या तोंडून बोलून दाखवत नाहीत. संवाद मुळात जोरकस असलेल्या चित्रपटात ही एक गोष्ट न बोलता सोडली आहे, आणि म्हणून ती पुन्हा पाहताना जास्त उमगते. अक्षय कुमारचं वय तरुणपणीच्या प्रसंगांत लपत नाही. गावच्या पोरांत तो पोरगा वाटतच नाही. विमानतळावर मात्र तो खरा वाटतो. तिथे वयाचा प्रश्न येत नाही, कारण हात पसरणारा माणूस कुठल्याही वयात सारखाच दिसतो.

आईचं काम सीमा बिस्वास यांनी केलं आहे. तमिळमध्ये ऊर्वशी यांनी तेच काम जास्त उघड्या गळ्याने केलं होतं. बिस्वास आवरून करतात. दोघींपैकी मला ऊर्वशी अधिक भावल्या. पोर उशिरा आल्यावर आपल्याकडच्या बायका आवरून बोलत नाहीत.

परेश रावल दोन्ही चित्रपटांत त्याच नावाने, त्याच भूमिकेत आहेत: परेश गोस्वामी, बड्या विमान कंपनीचा मालक. वीर मोठ्या आदराने त्याच्याशी हात मिळवतो आणि गोस्वामी लगेच बाटली काढून हात निर्जंतुक करतो. एवढीशी कृती, पण तिच्यात सबंध माणूस आहे. गंमत अशी की तमिळ चित्रपट नोव्हेंबर २०२०मध्ये आला तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशात तीच बाटली होती. गोष्टीतला काळ मात्र वीस वर्षांपूर्वीचा. त्या काळात हाताला हात लागल्यावर हात पुसणाऱ्याला आजाराची भीती नव्हती. मग कशाची होती? जातीची की गरिबीची, हे चित्रपट नेमकं सांगत नाही, आणि खेड्यातल्या माणसाला ते सांगायची गरजही नसते. रावल ही कृती खलनायकासारखी करत नाहीत, सवयीने करतात. त्यामुळेच ती बोचते.

राधिका मदानची राणी बेकरी चालवते आणि बघण्याच्या कार्यक्रमात मुलालाच प्रश्न विचारते. हे सगळं छान आहे, पण तिथे फार रेंगाळावंसं वाटत नाही. गोपीनाथ यांच्या पत्नीचीही बेकरी होती, तेव्हा या भागात कल्पनेपेक्षा वास्तव जास्त आहे.

कल्पना कुठे शिरते ते पाहायचं तर गोपीनाथांच्या आयुष्याकडे वळावं लागतं. ते कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे, मास्तरांचेच चिरंजीव. विजापूरची सैनिक शाळा, मग खडकवासल्याची एनडीए, १९७१चं युद्ध. तिशीच्या आत लष्कर सोडून ते शेतीत उतरले, रेशीम केलं, त्या कामासाठी १९९६मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. पुढे हेलिकॉप्टरची सेवा आणि मग विमानं. हे सगळं त्यांनी ‘सिम्प्ली फ्लाय’ या २०१०च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. चित्रपटाने सैनिकाचा हवाई दलातला माणूस केला आणि शेतकरी काढून टाकला. पहिला बदल समजू शकतो. दुसरा मला खटकतो. कर्ज, बियाणं, पाऊस आणि बाजारभाव यांच्याशी वर्षानुवर्षं झटापट केलेल्या माणसाला विमानाचा धंदा इतरांपेक्षा कमी भयंकर वाटला असणार, ही या गोष्टीतली सगळ्यात रसाळ शक्यता. हेलिकॉप्टरमधून खाली पाहताना खेड्यांच्या छपरांवर डिश अँटेना दिसल्या आणि हे सगळे उद्याचे प्रवासी आहेत असं वाटलं, असा प्रसंग गोपीनाथ सांगतात. शेतकऱ्याचीच नजर ती. पीक उगवायच्या आधी शेत बघणारी. चित्रपटात यातलं काहीच नाही.

दुसरी गळालेली गोष्ट व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनची. एअर डेक्कनचं बोधचिन्ह तो होता. १९५१पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दिसणारा, धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला, कधी तोंडातून चकार शब्द न काढणारा माणूस. लक्ष्मण आयुष्याच्या अखेरीस पुण्यात होते, तिथेच २०१५मध्ये वारले. पुण्यात आणि वरळीला या माणसाचे पुतळे आहेत. मंत्र्यांची भाषणं, उद्घाटनं, पाहणी दौरे, सगळीकडे तो मागे उभा असायचा आणि बघायचा. त्याला कुठे बसायला जागा मिळाल्याचं मला आठवत नाही. त्याला बसायला सीट देणारी कंपनी काढणं ही जाहिरातीची युक्ती तर होतीच, पण ती व्यंगचित्राचीही चांगली समज होती. मल्ल्या आल्यावर कॉमन मॅन उतरला आणि त्या जागी खंड्या पक्षी आला. नंतर नावही बदलून किंगफिशर रेड झालं. या एका अदलाबदलीत कंपनीचा सगळा इतिहास होता. कोंगरांसारख्या दिग्दर्शिकेने तो हातचा जाऊ दिला याचं नवल वाटतं.

आणि मग शेवट. चित्रपटात श्रीमंती थाटाचा एक विमान-मालक वीरकडे हातमिळवणीचा प्रस्ताव घेऊन येतो, वीर नकार देतो. गावची माणसं विमानात बसतात, टाळ्या वाजतात. वास्तवात गोपीनाथांनी विकलं. यात कुणाला दोष द्यायचा नाही. २००६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा किंमत उतरवून आणि मुदत वाढवून शेअर खपवावे लागले होते. तोटा वाढत होता, स्वस्त तिकिटांत आता इतरही उतरले होते. चित्रपटाने नायकाला नकार द्यायला लावला, तो एका अर्थी प्रेक्षकांच्या वतीने दिलेला नकार आहे. त्यामुळे त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण त्यापायी एक फार मोठा प्रसंग वाया गेला.

तो प्रसंग असा. त्या वेळच्या नियमाप्रमाणे भारतीय कंपनीला परदेशी उड्डाणं करायची तर देशात पाच वर्षं सेवा दिलेली असणं आवश्यक होतं. मल्ल्यांची किंगफिशर २००५मध्ये सुरू झालेली. तिला थांबावं लागलं असतं. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८मध्ये भरत होती. दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि सप्टेंबर २००८मध्ये किंगफिशरचं विमान बंगळुरूहून लंडनला गेलं. हुबळी-बेळगावच्या माणसाला एक रुपयाचं तिकीट दाखवणाऱ्या कंपनीकडे सगळ्यात महाग वस्तू कोणती होती? तिचं वय. छोट्या गावांसाठी घालवलेली पाच वर्षं लंडनच्या कामी आली. ऑक्टोबर २०१२मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. हे पडद्यावर दाखवायचं तर वीर म्हात्रेला सहीसाठी पेन उघडावं लागलं असतं आणि टाळ्या मिळाल्या नसत्या. माझ्या लेखी तो वीर जास्त उंच झाला असता.

गोष्ट इथेही संपत नाही, आणि यापुढचा भाग आमच्या डोक्यावरून गेला आहे. शब्दशः. गोपीनाथांनी एअर डेक्कन हे नाव पुन्हा उभं केलं. सरकारची ‘उडान’ योजना आली होती: तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास दराची मर्यादा, उरलेली तूट सरकार भरणार. २३ डिसेंबर २०१७ला १९ आसनांचं बीचक्राफ्ट विमान उडालं. जळगाव, नाशिक, मुंबई, पुणे असे मार्ग ठरले होते. मुंबई विमानतळ आणि नाशिकजवळचं ओझर, नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारा. ती कसाऱ्याच्या अगदी कुशीतून जाते. विमानात मावतात त्याहून जास्त माणसं संध्याकाळच्या कसारा लोकलच्या एका दारात लटकलेली असतात, पण तो मुद्दा वेगळा. दुसऱ्यांदा जन्मलेली ही कंपनी पहिलीपेक्षाही कमी जगली. विमानं अपुरी होती. त्याहून मोठी अडचण मुंबईची. तिथली धावपट्टी इतकी गजबजलेली की मोठ्या विमानांच्या गर्दीत १९ आसनांच्या विमानाला उतरायला आणि उडायला सोयीची वेळ मिळेना. फेऱ्या रखडल्या, रद्द होऊ लागल्या. अखेर एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवून कंपनी थांबली.

गावाला गाडी न थांबण्यापासून सुरू झालेली गोष्ट विमानाला विमानतळावर थांबायला जागा न मिळण्यापर्यंत आली. दरम्यान खाली, रुळांवरही बदल झाले आहेत. २०१९पासून नाशिकमार्गे धावणारी राजधानी पुढे-मागे दोन इंजिनं घेऊनच येते, आणि २०२३मध्ये सुरू झालेली शिर्डीची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तो कसारा घाटाखालून बोगद्याने जातो. नाइलाजाने थांबणारेही कमी होत चालले आहेत.

‘सरफिरा’ जुलै २०२४मध्ये आला, म्हणजे दुसरी डेक्कन बंद पडून चार वर्षं झाल्यावर. तिच्याबद्दल त्यात काही नाही. कोंगरांना उत्तरार्ध काढावासा वाटला तर तो तयारच आहे: वीर म्हात्रे साठीला टेकलेला, लहानसं विमान, आणि मुंबईच्या विमानतळावर सकाळची एखादी वेळ मिळावी म्हणून तो अर्ज लिहायला बसलेला. अक्षय कुमारला त्यात केसही काळे करावे लागणार नाहीत.